डोंबिवलीच्या गच्चीवरून दूरदेशीं

गेल्या पौष महिन्यांतील एका रविवारीं पहाटे ठाण्याहून डोंबिवलीस जाण्याचा योग आला. हा प्रवास म्हणजे वर्णन लिहिण्याजोगी यात्रा नव्हे, हें मी जाणून आहें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढल्या वर्षीं ती कल्याणपर्यंत गेली, आणि तेव्हांपासून या वाटेचें नावीन्य कमी होत होत आज तें मुळींच उरलेलें नाहीं. तथापि त्या सकाळीं डोंबिवलीच्या एका गच्चीवर बसून मी कानांनीं दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊन आलों, आणि दुपार होण्यापूर्वीं कल्याणास आमच्या स्वतःच्या घरांत असा एक अनुभव आला कीं, तो वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

तलावपाळीवरून निघालों तेव्हां कोपिनेश्वराच्या देवळांतील दिवे तेवढे जागे होते. रविवारची पहाट असल्यामुळें धीम्या गाडींत बसावयास जागा मिळाली, हीच प्रवासांतील पहिली नवलाई! कळवा मागें पडल्यावर एका अंगास पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगास खाडीवरचें धुकें पाहात, मुंब्रा, दिवा, कोपर करीत डोंबिवलीस उतरलों. पूर्वेस, फडके रस्त्यापासून फार दूर नाहीं अशा एका जुन्या इमारतींत माझा एक विद्यार्थी राहतो. शाळेंत असतां तो वर्गांत कधीं तोंड उघडीत नसे. आतां पन्नाशींत तो साऱ्या जगाशीं बोलतो असें कळल्यामुळें मला मोठें कुतूहल वाटत होतें.

त्याच्या छंदास हौशी रेडिओ म्हणतात. सरकारी परीक्षा द्यावयाची, परवाना मिळवावयाचा, आणि त्याबरोबर मिळालेलें संकेतनाम धारण करून, ठरवून दिलेल्या लहरींवर जगांतील इतर परवानाधारकांशीं बोलावयाचें, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडील बहुतेक संकेतनामांचा आरंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनीं होतो; तेवढ्यावरून ऐकणारा भारत ओळखतो. व्यापारधंद्याचें बोलणें येथें निषिद्ध. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारीं एक खांब, त्याच्या माथ्यावरून दोहों बाजूंस उतरत गेलेली तांब्याची तार, आणि जिन्याच्या खोलींत टेबलावर पोळ्यांच्या डब्याहून थोडेंसें मोठें यंत्र, एवढाच त्याचा संसार. शक्ति शंभर वॉटची; म्हणजे पूर्वीं आपल्या माजघरांत जो काचेचा दिवा जळे, त्याच्याएवढी.

“एवढ्याशा शक्तीवर आवाज पृथ्वीच्या पाठीमागें कसा पोंचतो?” असें मीं विचारलें. त्यानें सांगितलें तें असें. जमिनीपासून सुमारें शंभर ते चारशें किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेले वायूचे थर असतात. लघुलहरी त्यांवरून खालीं वळतात, भूमीवरून वा समुद्रावरून पुन्हां उसळतात, आणि अशा उड्या घेत पुढें जातात. परंतु दिवसा या थरांच्या खालीं आणखी एक थर तयार होतो आणि तो चाळीस मीटर लांबीच्या लहरी बऱ्याचशा गिळून टाकतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो. म्हणून एका गांवीं उजाडावयाचें असतां दुसऱ्या गांवीं नुकती रात्र पडलेली असेल, तर त्या दोहोंमधील वाट थोडा वेळ मोकळी होते. संध्या म्हणजे सांधा, हें मीं मुलांस तीस वर्षें शिकविलें. तो सांधा दोन खंडांसही जोडतो, हें मला माझ्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं शिकविलें.

साडेसहा वाजून गेले होते. चिली देशांत तेव्हां आदल्या दिवसाची रात्र नुकती सुरू झालेली. यंत्र चालू करून पंधरा मिनिटें झालीं तरी हा गृहस्थ एक शब्द बोलेना. कानांस हेडफोन लावून नुसता ऐकत बसला.

“अरे, कोणास हांक तरी मार,” मी म्हणालों.

तो हंसून म्हणाला, “गुरुजी, अजून मला कोणी नीट ऐकूं येत नाहीं. जो आपल्याला ऐकूं येत नाहीं, त्याला हांक मारून काय उपयोग? त्याचें उत्तर आपल्याला कळणार नाहीं, आणि आपण मात्र दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलूं.”

मग एकेक रीत त्यानें समजावून दिली. एखादी लहर मोकळी वाटली तरी ती मोकळी आहेच असें मानूं नये. बोलणाऱ्या दोघांपैकीं एकाचाच आवाज आपल्यापर्यंत पोंचत असेल आणि या क्षणीं दुसरा बोलत असेल. म्हणून ‘ही जागा कोणी घेतली आहे काय?’ असें आधीं विचारावें, थांबावें, पुन्हां विचारावें. त्यासाठीं मोर्सच्या तारांच्या काळापासून ‘क्यू आर एल’ असा संक्षेप ठरलेला आहे. दुर्मिळ ठिकाणचा कोणी बोलूं लागला कीं त्याच्याभोंवतीं शेंकडों हांका उठतात. अशा वेळीं तो एका लहरीवर बोलतो आणि तिच्यापासून थोड्या वरच्या लहरींवर ऐकतो. हें ध्यानांत न घेतां जो त्याच्याच लहरीवर ओरडतो, तो त्याचा आवाज झांकून टाकून साऱ्यांचेंच नुकसान करतो. आपलें संकेतनाम एकदांच, पुरतें व स्पष्ट सांगावें; अर्धेंमुर्धें सांगूं नये. त्यानें जपानी मंडळींस बोलाविलें असेल तर डोंबिवलीनें गप्प बसावें. त्यानें दोन अक्षरें उच्चारून ‘हे कोण?’ असें विचारलें आणि तीं अक्षरें आपलीं नसतील, तरीही गप्प बसावें. आपली पाळी आली कीं त्याचा आवाज कसा पोंचला तें सांगावें, ‘७३’ म्हणजे शुभेच्छा म्हणून वाट सोडावी. मागें रांग उभी असते. आणि कोणी चुकलाच तर त्यास दरडावूं नये, कारण दरडावणाऱ्याचा आवाज चुकणाऱ्याच्या गोंगाटांत भरच घालतो. हा शेवटचा नियम शाळेंत लागू असता तर माझी निम्मी नोकरी वायां गेली असती!

“हा नुसता सभ्यपणा, कीं याला आणखी कांहीं अर्थ आहे?” मीं विचारलें. त्यावर त्यानें अंदमानची हकीकत सांगितली. डिसेंबर २००४ मध्यें हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तेथून कित्येक वर्षें कोणी हौशी बोललेला नव्हता. त्यामुळें जगभरचे लोक त्यांच्याशीं चार शब्द बोलण्यासाठीं धडपडत होते. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. त्या मंडळींनीं हौसेचें काम तत्काळ थांबविलें आणि तींच यंत्रें संकटांतील माणसांचे निरोप पोंचविण्यास लाविलीं. “अशा वेळीं बाकीच्यांनीं करावयाचें एकच असतें, गुरुजी. गप्प राहावयाचें. पण ज्याला एरवीं गप्प राहण्याची संवय नाहीं, त्याला त्या दिवशीं ती कोठून येणार?”

इतक्यांत त्यानें हात वर केला. त्याला कांहीं ऐकूं आलें होतें. मलाही ऐकतां यावें म्हणून त्यानें हेडफोन काढून आवाज कर्ण्यावर सोडला. पावसाच्या सरीसारखा खरखराट, आणि त्याच्या तळाशीं, विहिरींतून यावा तसा, एका वृद्ध माणसाचा आवाज. सुमारें सोळा हजार किलोमीटरांवरून सेकंदाच्या विसाव्या भागांत आलेला! मला राहवलें नाहीं. “अरे, हा तर स्पॅनिश माणूस!” असें मी मोठ्यानें उद्गारलों. त्याच क्षणीं त्या वृद्धानें आपलें संकेतनाम सांगितलें, आणि तें माझ्या उद्गाराखालीं बुडालें. विद्यार्थ्यानें पुन्हां कान दिला. परंतु सूर्य वर येत होता. आवाज दोनदां वर आला, मग खरखर तेवढी उरली. दक्षिण चिलीसाठीं तो तीन हिंवाळे पहाटे उठत होता, हें मला नंतर त्याच्या पत्नीकडून कळलें. तो मला एवढेंच म्हणाला, “गुरुजी, चहा घेऊं.” मीं वर्गांत ज्याच्या मौनाला मंदपणा समजलों, त्याचें तें मौन होतें!

मन खट्टू होऊन मी पुढें कल्याणास गेलों. कल्याण हें फार जुनें बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत त्याचें ‘कल्लिएना’ असें नांव येतें, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणकर दात्यांचीं दानें कोरलेलीं आहेत. परदेशचीं गलबतें आतां तेथें येत नाहींत. परदेशचा आवाज मात्र आमच्या घरीं दर रविवारीं दहा वाजतां येतो. माझा थोरला पुतण्या टोरांटोस असतो. त्याचा फोन आला कीं घरचीं दहा-बारा माणसें त्या लहानशा यंत्राभोंवतीं जमतात. हवा कशी, बर्फ किती, गाडी कोणती, असे सारे एकदम विचारतात. त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा. वहिनी, म्हणजे त्याची आई, खुर्चींत मागें बसलेली असते. तिचें वय ऐंशीच्या घरांत, आवाज अगदीं बारीक. ती ओठ हलवी. फोन बंद होई.

त्या दिवशीं मीं हात वर केला. “आज एका वेळीं एकानें बोलावें,” मी म्हणालों, “आणि ज्याचा आवाज सर्वांत बारीक, त्यानें आधीं.” मुलें हंसलीं, पण गप्प झालीं. वहिनी थोडी गोंधळली. मग म्हणाली, “बाळ, तूं दोन महिने मनापासून हंसला नाहींस. काय झालें आहे?”

पलीकडे बराच वेळ कांहींच ऐकूं येईना. कोणी तरी म्हणालें, “लाइन तुटली वाटतें.” मीं बोट ओठांवर ठेविलें. मग पुतण्या हळूच म्हणाला, “आई, नोकरी गेली. कोणाला सांगितलें नाहीं.”

आम्ही दहा जण दर आठवड्यास त्याच्याशीं बोलत होतों. ऐकत होती ती एकटी वहिनी.

पुढें घरांत काय ठरलें तो घरचा विषय. पोराच्या मनावरचा भार त्या दिवशीं हलका झाला एवढें पुरे. आमच्याकडे तेव्हांपासून रविवारचा नियम तोच आहे. मी डोंबिवलीस अधूनमधून पहाटे जातों. बरोबर एक वही नेतों. बोलावेंसें वाटलें कीं तींत लिहितों. चिलीचा तो वृद्ध अद्याप पुन्हां ऐकूं आलेला नाहीं. पौष पुन्हां येईल, आणि आम्ही दोघे त्या गच्चीवर कान देऊन बसूं.