पिल्सेनमधला चिल्ला

शिकागोत आमचा मुक्काम डेव्हन अव्हेन्यूजवळ, देशी दुकानांच्या गर्दीत होता. एका रविवारी आम्ही मेक्सिकन लोकांची वस्ती पाहायला पिल्सेनला गेलो. अठराव्या रस्त्याचे रेल्वे स्टेशनच भिंतीचित्रांनी भरलेले आहे. वस्ती मुळात चेक लोकांची, नंतर मेक्सिकन कुटुंबांची झाली. आता वाढत्या भाड्यांमुळे तीही बाहेर पडत आहेत.

एका बेकरीत शिरलो. शिंपल्याच्या आकाराचे गोड पाव पाहून आधी विचारले, चरबी कसली? गल्ल्यावरच्या आजीचे उत्तर तिच्या नातीने इंग्रजीत सांगितले : लोणी. मग बोलणे सुरू झाले. वरच्या मजल्यावर आजीची सून बाळंत होती. चाळीस दिवस काम नाही, डोके झाकलेले, थंड काही नाही, रोज कोंबडीचे सूप. याला 'क्वारेंतेना' म्हणतात. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा तर आपला चिल्ला! बाळाला दुवा देताना आजी 'ओहाला' म्हणाली. हा स्पॅनिश शब्द अंदलूसच्या अरबीतून आलेला. त्यात अल्लाहचे नाव आहे.

या माणसांच्या तब्येतीने संशोधकांनाही कोड्यात टाकले आहे. गरिबी जास्त, विमा कमी, तरी मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांच्या आसपासच, असे मार्काइड्स आणि कोरील यांनी 1986 मध्ये लिहिले. 2006 च्या सरकारी आकड्यांत लॅटिनोंचे सरासरी आयुर्मान 80.6 वर्षे होते, गोऱ्यांचे 78.1. धूम्रपान कमी, आणि मुळात धडधाकट माणसेच देश सोडतात, ही कारणे आहेतच. पण नात्यांचा आधारही मोजला जातो. तिथे आपल्या आशाताईंसारख्या 'प्रोमोतोरा' असतात, वस्तीतल्याच बायका. त्या घरोघरी जाऊन मधुमेहाविषयी समजावतात. त्याची गरजही आहे, कारण मधुमेह या समाजात फार आहे.

शिवाय हे कवच पिढीगणिक झिजते. मेक्सिकोत जन्मलेल्या आयांपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या लेकींना कमी वजनाची मुले जास्त होतात. 2020 च्या कोरोनात तर लॅटिनोंचे आयुर्मान एका वर्षात सुमारे चार वर्षांनी घटले. घरे भरलेली, आणि काम घरी बसून करण्यासारखे नव्हते.

आम्ही नातीला विचारले, तुझ्या वेळी क्वारेंतेना पाळणार का? हातातली कोल्ड्रिंकची बाटली खाली ठेवून ती हसली. "चाळीस दिवस पगारी रजा मला कोण देणार?"

आजीला इंग्रजी येत नव्हते. तरी तिने नातीकडे वळून पाहिले, आणि आमच्या पुड्यात एक पाव जास्तीचा टाकला.