दोन फटक्यांमधला वेळ

चौघांनी मिळून अठरा होलचा गोल्फ खेळायचा तर चार-साडेचार तास लागतात. माझ्यासारखा मध्यम खेळाडू त्यात नव्वदच्या आसपास फटके मारतो. क्लब मागे नेण्यापासून चेंडू सुटेपर्यंत फार तर दोन सेकंद जातात, म्हणजे प्रत्यक्ष खेळणं तीन मिनिटांचं. अंतराचा अंदाज घेणं, क्लब निवडणं, एकदा हवेत फिरवून बघणं हे सगळं धरून एका फटक्याला चाळीस सेकंदांहून जास्त लावू नका, असं नियमपुस्तक सुचवतं. ते पुरते वापरले तरी तास भरतो. उरलेले तीन तास माणूस चालत असतो, दुसऱ्याचा फटका बघत असतो, नाहीतर नुसता उभा असतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत आला की फलंदाजाला मागचं आठवायला सवड नसते. इथे चेंडू गवतावर निवांत पडलेला, तो तुमच्या अंगावर कोणी टाकत नाही, आणि मागच्या होलवर आपण काय माती खाल्ली याची उजळणी करायला वेळच वेळ.

हे तीन तास कशानं भरायचे, हा या खेळातला मुख्य प्रश्न आहे असं मला वाटतं. त्यावर पुस्तकांचा ढीग आहे. बॉब रोटेला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं 1995 मधलं पुस्तक आमच्यातल्या कितीतरी जणांच्या कपाटात आहे. वाचलेलं किती जणांनी, ते विचारू नये. शिष्टाचार मात्र नव्या माणसाला पहिल्याच दिवशी घाईघाईनं सांगून उरकतात. दुसरा मारत असताना बोलू नका. होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, त्याच्या पटच्या (चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या फटक्याच्या) रेषेवर पाय देऊ नका. बंकरमधून निघताना वाळू सारखी करा. चेंडू कोणाच्या दिशेनं गेला तर लाजू नका, लगेच ‘फोर’ म्हणून ओरडा. शिष्टाचार दुसऱ्यासाठी आणि मनाची मशागत स्वतःसाठी, अशी ही वाटणी. येरवड्याच्या कोर्सवर बरीच वर्षं घालवल्यावर ती मला पटेनाशी झाली आहे. गोल्फचे शिष्टाचार हेच गोल्फचं मानसिक प्रशिक्षण आहे. ते फुकट मिळतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

प्रामाणिकपणासाठी अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धं देतात. 1925 च्या यूएस ओपनमध्ये, वुस्टरच्या मैदानावर, पहिल्या फेरीत अकराव्या होलला त्याचा चेंडू उंच गवतात पडला. तो फटक्यासाठी उभा राहत असताना चेंडू किंचित हलला. पंचांनी चौकशी केली, कोणालाही काही दिसलं नव्हतं. निर्णय त्याच्यावरच सोडला गेला आणि त्यानं स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. 72 होलनंतर विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली, अठरा होलचा प्लेऑफही बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या प्लेऑफमध्ये जोन्स एका फटक्यानं हरला. तो दंड नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. या प्रामाणिकपणाचं कौतुक केलेलं त्याला मुळीच आवडत नसे.

उरलेला अर्धा भाग चार वर्षं आधीचा आहे. 1921 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, तिसऱ्या फेरीत, एकोणीस वर्षांचा हाच जोन्स अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि चिडून त्यानं फेरी तिथेच सोडून दिली. क्लब भिरकावणारा, स्वतःवर संतापणारा पोरगा अशीच त्याची ख्याती होती. त्याची फटकेबाजी तेव्हाही अप्रतिम होती. पण मोठ्या स्पर्धा तो जिंकू लागला तो राग आवरायला शिकल्यावर. त्याच ओल्ड कोर्सवर 1927 ची ओपन त्यानं जिंकली, 1930 साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, आणि 1958 साली सेंट अँड्र्यूज गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. ओल्ड कोर्सचा दहावा होल आज त्याच्या नावाचा आहे.

दंड लावून घेणारा जोन्स मला साधुसंत वाटत नाही, हिशेबी वाटतो. चेंडू हलल्याचं त्यानं दडवलं असतं, तर पुढचे सगळे होल तो ते सोबत घेऊन चालला असता. कोणी पाहिलं असेल का, कार्डावर सही करताना हात अडखळेल का, असल्या विचारांना डोक्यात जागा लागते, आणि दोन मीटरच्या पटलाही तीच जागा लागते. एक फटका देऊन टाकला की प्रकरण तिथेच मिटतं. आमच्या रविवारच्या चौकडीत पाचाचे चार लिहिणारे महाभाग आहेत. शेवटच्या तीन होलांवर त्यांचे हात कसे घट्ट होतात ते मी बघत आलो आहे.

आता पिच मार्कबद्दल थोडं सविस्तर, कारण माझा या छोट्या खड्ड्यावर फार जीव आहे. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळला की गवतात खळगा पडतो. पुण्यात पावसाळ्यात ग्रीन मऊ होतात तेव्हा तो चांगला खोल असतो. लगेच नीट बुजवला तर गवत पटकन सावरतं; तसाच राहिला तर मधलं गवत जळून डाग पडतो आणि तो कित्येक आठवडे जात नाही. बुजवणारे बरेच जण चुकीचं बुजवतात. दोन दातांचं हत्यार खाली खुपसून माती वर उचकटतात, त्यानं मुळं तुटतात. दात खळग्याच्या कडेला घालायचे, कडेचं गवत मधल्या बाजूला ढकलायचं, असं चारी बाजूंनी करायचं आणि मग पटरच्या तळानं हलकेच थोपटायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्यासाठी वाकावं लागतं, श्वास खाली येतो, नजर हातभर जमिनीवर स्थिरावते. शिवाय ग्रीन किती मऊ आहे, गवत कोणत्या बाजूला झुकलंय, हे बोटांना आपोआप कळतं. उठून उभं राहावं तोवर आधीच्या फटक्याचा राग किंवा आनंद, दोन्ही ओसरलेले असतात. आनंदही ओसरावा लागतो. सुंदर फटक्यानंतर तीन पट घालवणारे लोक कमी नाहीत. मी आता माझा खळगा बुजवून झाला की शेजारचा दुसऱ्या कोणाचा तरी बुजवतो. त्यात परोपकार किती आणि स्वार्थ किती, ते मी मोजत नाही.

दुसऱ्याचा फटका लक्ष देऊन बघणं हेही तसंच. 2019 पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचाऐवजी तीनच मिनिटं मिळतात. त्यामुळे सोबत्याचा चेंडू कोणत्या झाडाच्या रोखानं गेला हे पाहून ठेवणं उपकाराचं काम झालं आहे. पण जो असं बघतो, त्याला तेवढा वेळ स्वतःचा विचार करता येत नाही. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षक आपल्या शिष्यांना चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेषा कल्पायला सांगतात. सगळा विचार रेषेच्या अलीकडे, पलीकडे गेलं की फक्त खेळायचं. विख्यात गोल्फपटू आनिका सोरेनस्टाम हे शिकून मोठी झाली. पद्धत उत्तमच आहे, पण माझ्यासारख्याला रेषेच्या अलीकडचा वेळ जास्त छळतो, आणि त्या वेळात लक्ष दुसऱ्याच्या चेंडूवर असेल तर बरं.

शिष्टाचाराच्या नावाखाली चालणारे काही उद्योग मात्र मला मान्य नाहीत. दोन-तीन फुटांचा पट उरला की ‘उचला, उचला’ म्हणायचं. 1969 च्या रायडर कपमध्ये अमेरिकेच्या जॅक निक्लॉसनं ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला शेवटचा पट सोडून दिला, सामना 16-16 असा बरोबरीत सुटला, हे खरं. पण निक्लॉसच्याच संघाचा कर्णधार सॅम स्नीड त्यावर नाराज होता, आणि रविवारच्या खेळापुरता मी स्नीडच्या बाजूचा आहे. वर्षभर पट सोडून दिलेल्या माणसाला क्लबच्या स्पर्धेत तीन फुटांवरून होल दिसेनासा होतो. त्याला मारू द्यावं. दुसरा उद्योग सल्ल्याचा. न विचारता सल्ला देणं आम्हा पुणेकरांच्या रक्तातच असावं, पण गोल्फमध्ये फेरी चालू असताना प्रतिस्पर्ध्याला सल्ला दिला तर दोन फटके दंड आहे. असा दंड लक्ष्मी रोडवरही लागू करायला हरकत नाही.

आणि कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग सांभाळणारा सोबती. आपल्याकडे गोल्फ हा भिंतीआडचा खेळ. इतका की नाशिकचं ‘गोल्फ क्लब’ मैदानसुद्धा लोकांना माहीत आहे ते क्रिकेटच्या रणजी सामन्यांमुळे. भिंतीआड गेल्यावर टी-शर्टला कॉलर आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून तपासणारे सभासद मी पाहिलेत. तेच सभासद आपला फटका चुकला की कॅडीवर खेकसतात. हा उद्धटपणा तर आहेच, शिवाय खेळ म्हणूनही हा शुद्ध तोटा आहे. दोष दुसऱ्यावर टाकला की पुढच्या वेळी काय बदलायचं तेच कळत नाही. आणि ज्याला त्या ग्रीनचा प्रत्येक उतार पाठ आहे, तो अपमान झाल्यावर गप्प बसतो. अली शेर दिल्लीत कॅडी होते. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनची निगा राखायचे. मुलानं 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, तेव्हा तिची बॅग सांभाळायला तिची आई होती. फेरीच्या चार तासांत सर्वांत जवळ असतो तो कॅडी. मी भरकटलो की माझा कॅडी एवढंच म्हणतो, “गेला तो गेला साहेब, आता सात नंबर घ्या.” रोटेलाच्या पुस्तकात याहून फार वेगळं काही नाही.

म्हणून नव्यानं क्लबात येणाऱ्यांना माझी विनंती आहे. महागडा ड्रायव्हर घेण्याआधी खिशात पिच मार्क बुजवायचं हत्यार ठेवा. दुकानातल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ती एक आहे. आणि पहिल्या टीवर जाण्याआधी कॅडीला त्याचं नाव विचारा.