पन्नास लक्सचा पदर

संग्रहालयात पैठणी आणि तिच्याखालची पाटी एकाच नजरेत नीट दिसावी, एवढीच पुण्यातल्या या इंटीरिअर डिझायनर बाईंची स्वतःकडून अपेक्षा. उभी कारकीर्द गेली, तरी ती काही पुरी होत नाही. दालनं झाली, वृद्धनिवास झाले, लोकांचे फ्लॅट तर किती झाले त्याला गणती नाही. साइटवर नवी पोरं त्यांना 'मॅम' म्हणतात, जुने सुतार 'ताई'. वाद घालायची हिंमत फक्त सुतार करतात. पण पाटीचा विषय निघाला की सुतारही हातातली पेन्सिल कानामागे खोचून गप्प बसतात, कारण आता अर्धा तास तरी सुटका नाही हे त्यांना ठाऊक असतं.

अडचण अशी आहे. जुन्या कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड टाकायचा नाही, हा दंडक जगभर पाळला जातो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांच्या १९७८च्या पुस्तकाने तो संग्रहालयवाल्यांच्या अंगवळणी पाडला. तैलचित्राला दोनशे, कापड, जलरंग आणि हस्तलिखितांना पन्नास. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाची २००४ची शिफारस तर आणखी कडक आहे. रंग फार नाजूक असेल, तर त्या वस्तूला वर्षाकाठी पंधरा हजार लक्स-तास, बस्स. हिशेब मांडला तर पन्नास लक्सने तीनशे तास होतात. दालन रोज आठ तास उघडं धरलं, तर पाच-सहा आठवड्यांत वर्षाचा शिधा संपला. हळदीने रंगवलेला पिवळा असेल तर तो याच नाजूक जातीतला. उजेडाने केलेली हानी साठत जाते. वस्तू नंतर कितीही काळ अंधारात ठेवली, तरी उडालेला रंग परत येत नाही. म्हणून त्या पन्नासचे साठ कुणी करा म्हटलं की बाई आजही चिडतात.

पण त्याच पन्नास लक्समध्ये पाटी वाचता यायला हवी, आणि घोडं तिथेच अडतं. पाटीचा कागद पांढरा. त्याच्यावर पडलेला बहुतेक उजेड तो परत फेकतो. पैठणी गर्द वांगी रंगाची, ती जवळजवळ सगळा गिळते. दिवा एकच, अंतर तेच, तरी पाटी झळकते आणि पैठणी मागे सरते. डोळा बिचारा जे उजळ असेल त्याच्याशी जुळवून घेतो. पाटी वाचून मान वर केली की समोर काळा चौकोन. पाटी वेगळ्या दिव्याने उजळली तर हाच प्रकार दुप्पट.

त्यांनी कागद राखाडी करून पाहिला, तेव्हा अक्षरं बुडाली. गडद पाटीवर साय-रंगाची अक्षरं लिहून पाहिली, ती पुष्कळ बरी ठरली, पण दोनच ओळी असतील तर. तिसऱ्या ओळीला अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात, आणि आपले इतिहासतज्ज्ञ तीन ओळींत कधी थांबलेत? पाटी तिरपी केली तर वरच्या स्पॉटची चकाकी तिच्यावर आली. खाली उतरवली तर वाकून वाचणाऱ्याची सावली तिच्यावर पडली. बायफोकल चष्म्यातून खालची पाटी वाचायची तर मान वर करून नजर खाली टाकावी लागते. साठीनंतरच्या मानेला हा योग रोज पेलत नाही. वर काचेचं वेगळंच. पांढरा सदरा-लेंगा घातलेले आजोबा पेटीसमोर उभे राहिले, की काचेत पैठणीऐवजी आजोबाच दिसतात. आजोबांनी दालनात काळे कपडे घालून यावं, असं काही तिकिटावर छापता येत नाही.

जरीचं मात्र बाईंना साधलं आहे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. पदरावर समोरून उजेड टाकला तर जर मरते. नुसता पिवळसर पट्टा दिसतो. दिवा बाजूला घ्यायचा, झोत अरुंद करायचा आणि कापडाला तो घासून जाईल इतका तिरपा धरायचा. मग बांगडीमोरातला एकेक मोर कडेने पेटतो. मीटर तेव्हाही पन्नासच दाखवतो. हे करायला शिडीवर माणूस, खाली बाई आणि 'जरा डावीकडे, नाही, माझ्या डावीकडे' असा एक अख्खा दिवस लागतो. ठेकेदाराच्या बिलात या दिवसाला नाव नसतं.

अशाच एका दालनात एक आजी नातीचा हात धरून आल्या. पेटीसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे काही ठेवलंय का?" नात म्हणाली, "आजी, पैठणी आहे." आजी काचेला नाक लावून म्हणाल्या, "पदर कुठाय?" बाई मागेच उभ्या होत्या. त्यांना तेव्हा राग आला, तो आजींचा. इतका सुंदर पेटवलेला पदर हिला दिसत नाही म्हणजे काय!

पुढे त्यांना स्वतःला मोतीबिंदू झाला. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डावा नंतर करायचा ठरला. मधल्या काळात त्यांच्या एकाच डोक्यात दोन वयांचे डोळे होते. साइटवर त्या शेड कार्ड हातात धरून एक-एक डोळा मिटून बघायच्या. उजव्या डोळ्याला भिंत पांढरी, किंचित निळसरच. डाव्याला तीच भिंत चहाच्या पाण्यातून पाहावी तशी. गडद निळा आणि काळा यांत डाव्या डोळ्याला फरकच कळेना. आणि उघड्या दिव्याभोवती त्याला दिसायचं ते धुरकट कडं. पैठणीच्या दालनात त्या गेल्या, उजवा डोळा झाकला, आणि पदर गेला.

चित्रकार मोनेची हकीकत त्यांनी कॉलेजात वाचली होती. १९२३मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, डाव्याला त्याने हात लावू दिला नाही, आणि दोन डोळ्यांच्या दोन रंगांनी तो हैराण झाला. वाचताना ती कलावंताची लहर वाटली होती. आता बाई मोनेच्या बाजूने भांडतात.

साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, भिंग पिवळं पडतं. हे आकडे त्यांना पाठ होते, वृद्धनिवासाच्या प्रेझेंटेशनमध्ये त्या ते दाखवतही. गंमत अशी, की हे सगळं त्यांच्या एका फायलीत होतं आणि पन्नास लक्स दुसऱ्या फायलीत. म्हाताऱ्या डोळ्याला तिप्पट उजेड लागतो, पण उघडा दिवा त्याला जास्त टोचतोही, कारण गढूळ भिंगात उजेड विखुरतो. उजेड वाढवायचा आणि दिवा लपवायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची. संग्रहालयात तर त्यातलं पहिलं करायलाच बंदी.

ऑफिसातली सहायक पंचविशीची आहे. लक्स मीटर तिच्या गळ्यात असतो, मंगळसूत्रापेक्षा निष्ठेने. ती म्हणते, "मॅम, पन्नासच आहे, बघा ना." बाई म्हणतात, "मीटरला मोतीबिंदू होत नाही गं." मुलगी हसते. तिला मखमलीवरचं काळं भरतकाम चार फुटांवरून दिसतं. बाईंना तिच्या कामाचं कौतुक आहे आणि तिच्या डोळ्यांचा चक्क हेवा आहे. साइटवर नकाशा वाचताना चष्मा लावणं त्या अजूनही टाळतात. ठेकेदारासमोर तर नाहीच.

दिखाऊपणा त्यांच्यात भरपूर आहे आणि त्या तो लपवत नाहीत. काळ्याभोर दालनात पाऊल टाकल्यावर लोकांचा आवाज आपोआप खाली जातो, ते त्यांना अजून आवडतं. दालनाचे फोटो त्या उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी काढून घेतात, माणसं यायच्या आत. माणसं आली की फ्रेम बिघडते!

मात्र दुसऱ्यांच्या काळ्या दालनांवर त्यांची जीभ तिखट चालते. त्यांच्या मते हल्ली वस्तू कमी आणि प्रोजेक्टर जास्त झालेत. भिंतीवर लाटा उसळतात, जमिनीवर फुलं पडतात, आणि दालनातून बाहेर आलेल्या माणसाला विचारा काय पाहिलंत, तर तो मोबाइलमधला स्वतःचा फोटो दाखवतो. यापेक्षा औंधला जा, असं त्या सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये श्रीभवानी संग्रहालय बांधलं. राजा स्वतः चित्रकार. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्‍री मूरचं शिल्पही आहे, आणि दिवसाच्या उजेडाचा विचार करून बांधलेली इमारत आहे. किंवा भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८७२मध्ये लोकांसाठी उघडलेलं, दुरुस्ती होऊन २००८मध्ये पुन्हा खुलं झालेलं. आत पाऊल ठेवलं की माणूस आधी छत बघतो, तरी कशाला अडखळत नाही. संवर्धनवाले यावर म्हणतील की दिवसाचा उजेड कागदा-कापडाला मारक. ते खरंच आहे, आणि बाई तेही मान्य करतात. मग पाच मिनिटांनी परत औंधवर येतात.

त्यांचा स्वतःचा सध्याचा उपाय असा. धातू, दगड आणि मातीच्या भांड्यांना उजेडाचं भय नसतं. म्हणून पहिल्या दालनात तांब्या-पितळेची भांडी, अडकित्ते, समया, मोकळ्या उजेडात. मग लाकूड, जरा मंद. कापड सगळ्यात शेवटी. भर दुपारी अंगणात लाखभर लक्स असतात. तिथून आलेल्या माणसाला एकदम पन्नासमध्ये ढकललं तर तो आंधळाच होतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो, म्हाताऱ्याचा त्याहून जास्त. म्हणून कापडाच्या दालनाआधी बाक. बाकाची कड फिक्या रंगाची, नाहीतर काळ्या जमिनीवर काळा बाक हा पाय मोडायचा सापळा. पाटी पेटीवर नाहीच. ती या बाकासमोर, उजेडात, बसून वाचायची. आत फक्त पैठणी. यावर इतिहासतज्ज्ञ खूश नाहीत. आत गेल्यावर वाचलेलं विसरतं, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. एकाच नजरेत दोन्ही, ही मूळ अपेक्षा राहिलीच.

वृद्धनिवासात याच भांडणाचं दुसरं टोक आहे. तिथे कापड जपायचं नाही, माणूस जपायचा, तर दिवे हवे तेवढे लावा. लोक लावतातही. पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि वर उघडे एलईडी. प्रत्येक दिव्याचं बिंब फरशीवर, आणि आजी ते पाणी समजून पाऊल आखडतात. लिफ्टसमोर गडद पायपुसणं टाकलं तर स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तो खड्डा वाटतो. तो तिथेच थांबतो, आणि कर्मचारी म्हणतात, 'आजोबा हट्टी झालेत.' हॉटेलच्या लॉबीसारखे वृद्धनिवास बांधणाऱ्यांबद्दल बाईंचं मत छापण्याजोगं नाही. त्यांच्या वृद्धनिवासात फरशी मॅट आहे, दिवे छताकडे तोंड करून, म्हणजे उजेड छतावरून उतरतो. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांतून जसा सौम्य उजेड घरात येतो, तसा तो यावा असा त्यांचा प्रयत्न. भिंतीला धरून चालायला स्टीलचा दांडा त्यांनी लावला नाही. सागवानाची रुंद पट्टी कमरेच्या उंचीवर सलग फिरवली, खालून बोटं अडकतील अशी खोबण काढून. पाहुणे म्हणतात, "वाड्यासारखं वाटतं." तो आधाराचा कठडा आहे हे कुणालाच कळत नाही, यावर त्या बेहद्द खूश आहेत. तिथे हरल्या त्या एकाच ठिकाणी: गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पट्टी कोणत्याही दिव्याखाली वाचता येत नाही. ते काम दिव्याचं नाही, औषध कंपन्यांचं आहे.

आणि घरं? घरं हल्ली फोटोसाठी उजळतात. फॉल्स सीलिंग, कोव्ह लाइट, प्रोफाइल लाइटची रेघ, सगळं 'वॉर्म'. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये सगळा दिवाणखाना उजळलेला असताना वडील पेपर घेऊन बेसिनपाशी उभे असायचे. आरशावरचा दिवा हा घरातला वाचण्याजोगा एकमेव दिवा होता. मुलाला ते विचित्र वाटत होतं. बाईंनी खुर्चीमागे, खांद्याच्या वर, झाकलेल्या तोंडाचा एक दिवा बसवला. मुलगा म्हणाला, सिमेट्री जाते. वडील तोवर अग्रलेखापर्यंत पोचले होते.

ज्यांच्या घरी सत्तरीचं माणूस आहे, त्यांच्याकडे बाईंचं एकच मागणं असतं. हा सल्ला त्या फुकट देतात, त्याचं बिल लावत नाहीत. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत गुडघ्याच्या खाली दोन मंद, पिवळसर दिवे लावा, अंधार पडला की आपोआप लागणारे. बाथरूमच्या फरशीहून दारातली पट्टी वेगळ्या रंगाची घ्या, आणि दारापुढचं गडद पायपुसणं आजच उचला. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. दिवाळीपर्यंत थांबू नका.