प्रायव्हेट नंबर

आमचे आप्पा दौंड–मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनात मास्तर होते. मार्ग तेव्हा एकेरी. टेबलावर कंट्रोलचा फोन; एकाच तारेवर सगळी स्टेशनं आणि तिकडे सोलापूरला बसलेला कंट्रोलर. एक बोलला की अख्खा सेक्शन ऐकायचा. शेजारच्या स्टेशनच्या मास्तरांना आप्पा नुसत्या खोकल्यावरून ओळखत. दोघांची प्रत्यक्ष गाठ पडली ती थेट माझ्या ताईच्या लग्नात. "अहो, आवाजावरून मला वाटलं चांगले उंच असाल!" हे आप्पांचे पहिले शब्द.

मला मात्र गंमत वाटायची फाटकाच्या फोनची. गाडी यायच्या आधी आप्पा गेटमनला फाटक बंद करायला सांगत. "केलं साहेब" एवढ्यावर त्यांचं कधी भागलं नाही. "नंबर सांग." मग क्षणभर शांतता, आणि पलीकडून "त्रेसष्ट". हा प्रायव्हेट नंबर. गेटमनजवळ दोन आकडी नंबरांचा छापील तक्ता असे, आकडे कसेही मागेपुढे. एक वापरला की खोडायचा, पुढच्या वेळी त्याच्या पुढचा द्यायचा. त्रेसष्ट रजिस्टरात वेळेसकट उतरला की मगच सिग्नल पडायचा. मी एकदा विचारलं, तो "केलं" म्हणतोय ना? आप्पा म्हणाले, "हो काय, माणूस झोपेतही म्हणतो. नंबर द्यायला तक्ता हातात घ्यावा लागतो."

पुढे मी चाकणला एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये लागलो. फॅक्स आला नि गेला. ई-मेलबरोबर 'सीसी' आलं, म्हणजे काम करणारा एक आणि साक्षीला बारा. मग व्हॉट्सअॅप. २०१४च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा सुरू झाल्या तेव्हा मी खूश झालो होतो. वाटलं, आला आपला प्रायव्हेट नंबर!

एका रात्री ग्रुपवर टाकलं : उद्या सकाळी सहाला गाडी लागेल, गेट पास तयार ठेवा. तेवीस जण, तेवीस निळ्या खुणा, नऊ अंगठे, एक हात जोडलेला. सकाळी गाडी दहापर्यंत फाटकाबाहेर उभी. ड्रायव्हरने दोनदा चहा पिऊन, एकदा आंघोळही उरकली. चौकशीत प्रत्येक जण खरंच बोलला : मी पाहिलं होतं, मला वाटलं दुसरा कुणी करेल. तारेवर सगळे ऐकत असतानाही आप्पा एकाच माणसाकडून नंबर घेत. मी तेवीस जणांना सांगून निवांत झोपलो होतो. चूक पोरांची कमी, माझी जास्त.

त्या आठवड्यात मी प्रत्येकाला दोन आकडी नंबरांचा कागद छापून दिला. पोरं हसली, एकाने लॉटरी कधी निघणार असंही विचारलं. पण अंगठा बंद झाला.

काल रात्री पावणेबाराला रात्रपाळीच्या पोराचा निरोप आला : 'गेट पास माझ्याकडे. ३७.' मी वहीत उतरवला.