ढाल, दुहाती तलवार की दोन्ही हातांत शस्त्रे?

आजवरच्या धाग्यांत आपण ताम्रपट, बखरी आणि किल्ल्यांच्या तटबंद्या पाहिल्या. आजचा विषय संगणकाच्या पडद्यावरचा आहे. परंतु बोलायचे आहे ते युद्धाच्या इतिहासाविषयीच. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ आला. २०१९ साली त्याची मूळ वळणाची आवृत्ती ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा खुली झाली. मी खेळतो ती हीच. त्यात वॉरियर, म्हणजे योद्धा, हे पात्र घेतले की दहाव्या पातळीवर पहिला गुण हाती येतो. साठाव्या पातळीपर्यंत असे ५१ गुण मिळतात आणि ते तीन वाटांत वाटायचे असतात. ‘आर्म्स’ ही मोठ्या दुहाती शस्त्राची वाट, ‘फ्युरी’ ही दोन्ही हातांत शस्त्रे घेऊन बेभान लढण्याची, आणि ‘प्रोटेक्शन’ ही ढालीची. एका वाटेच्या टोकाशी पोहोचण्यास ३१ गुण लागतात. म्हणजे दोन टोके एकाच योद्ध्याला गाठता येत नाहीत. एक घेतले की दुसरे सोडावेच लागते.

या योद्ध्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जादूगाराची शक्ती लढाईच्या आधी भरलेली असते. योद्ध्याचा ‘रेज’ मात्र रिकामा असतो. तो वार केल्याने भरतो आणि वार सोसल्यानेही भरतो. लढाई थांबली की हळूहळू ओसरतो.

गेल्या दिवाळीत माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने आपला पहिला योद्धा दहाव्या पातळीवर आणला आणि विचारले, “मामा, कोणती वाट घेऊ?” मी उत्तर देण्याआधीच पुढचा प्रश्न आला, “आणि महाराजांच्या सैन्यात असतो, तर मी कोणता योद्धा झालो असतो? मला दोन्ही हातांत दांडपट्टे पाहिजेत.” पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देऊन झाले. दुसऱ्याने मात्र मला बरेच दिवस सोडले नाही. आपल्या धाग्यांखालीही हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत असतो, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम त्या तीन वाटांकडे पाहू. फ्युरीचे मूळ उघड आहे. तिसाव्या पातळीवर योद्धा जो पवित्रा शिकतो, त्याचे नावच ‘बर्सर्कर’. तेराव्या शतकातील आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन ओडिन देवाच्या अशा माणसांचे वर्णन करतो: चिलखताविना लढणारी, लांडग्यांसारखी पिसाळलेली, स्वतःच्याच ढाली चावणारी. स्नोरी त्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहीत होता, हे विसरू नये. पण ही प्रतिमा केवळ त्याच्या लेखणीतली नाही. १८३१ साली स्कॉटलंडच्या लुईस बेटावर बाराव्या शतकातील बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या. वॉलरसच्या सुळ्यांत कोरलेल्या. त्यांतील काही हत्ती हे उभे सैनिक आहेत, डोळे वटारून ढालीची वरची कड दातांत धरलेले. खेळात फ्युरीचा योद्धा ढाल टाकून देतो. त्या बुद्धिबळातला मात्र ती सोडत नाही, चावतो. (२००८ साली या वाटेला दोन्ही हातांत एकेक दुहाती शस्त्र पेलण्याची मुभा मिळाली. त्याविषयी इतिहासाने मौनच पाळावे.)

आर्म्सचे चित्र सोळाव्या शतकातील जर्मन भाडोत्री पायदळाचे, म्हणजे लान्ड्सक्नेख्टांचे आहे. त्यांची दुहाती तलवार माणसाच्या खांद्यापर्यंत येई, कधी डोक्यापर्यंत. पण लढाईतल्या बहुतेक तलवारींचे वजन दोन ते साडेतीन किलोच असे. खेळात दिसणारा लोखंडाचा ओंडका कुणी पेलत नव्हते. या फौजांत दुप्पट पगाराचे शिपाई असत. दुहाती तलवारवाले त्यांत असत, पण भाला वा परशुभाला घेऊन पुढच्या रांगेत उभे राहणारेही असत. पगार दुप्पट होता तो जागेचा. हातात काय आहे, याहून कुठे उभा आहेस याला मोल होते.

आता ढाल. येथे जरा थांबावेसे वाटते. ग्रीक पायदळाची गोल ढाल सुमारे ९० सेंटीमीटर व्यासाची होती आणि डाव्या हातात धरली जाई. तिचा डावा भाग शेजाऱ्याच्या उघड्या उजव्या अंगाला आडोसा देई. इ.स.पू. ४१८ मधील मँटिनीयाच्या लढाईविषयी लिहिताना थ्युसिडिडीस एक साधे निरीक्षण नोंदवतो: सगळी सैन्ये पुढे सरकताना उजवीकडे कलतात, कारण प्रत्येक जण आपली उघडी बाजू उजवीकडच्या माणसाच्या ढालीमागे नेऊ पाहतो. हजारो माणसांची रांग भीतीने तिरकी होते. प्लुटार्कने स्पार्टाच्या डेमाराटस राजाच्या नावावर एक उत्तर नोंदवले आहे. ढाल टाकणाऱ्याची स्पार्टात छी-थू होते आणि शिरस्त्राण टाकणाऱ्याची होत नाही, असे का? तर शिरस्त्राण स्वतःसाठी असते, ढाल साऱ्या रांगेसाठी.

प्रोटेक्शनचा सारा अर्थ या उत्तरात आहे. पाच जणांच्या चमूत एक ढालवाला, एक जखमा भरणारा आणि तीन वार करणारे असतात. ढालवाल्याने राक्षसांचे लक्ष स्वतःवर खिळवून ठेवायचे. त्यासाठी ‘टाँट’ म्हणजे डिवचणे हे खास कौशल्य आहे. माझ्या मते संपूर्ण खेळातली सर्वांत खोटी गोष्ट तीच. मागे नाजूक जादूगार आग ओकत असताना चिलखत घातलेल्या माणसाच्या शिव्यांनी चिडून त्यालाच मारत बसेल, असा शत्रू इतिहासात शोधून सापडणार नाही. खरी ढालींची भिंत उपयोगी पडे, कारण तिच्यातून वाट नव्हती.

आणि खेळात निवड चुकली तर? प्रशिक्षकाकडे जायचे, सोन्याचे एक नाणे मोजायचे, सगळे गुण परत. पुढच्या वेळी पाच, मग दहा. वाढत वाढत पन्नासपर्यंत.

१५४५ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज पोर्ट्समथजवळ बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली आणि ती ओढणाऱ्यांची हाडेही. अनेक सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचे टोक, जे वयात येताना उरलेल्या हाडाशी जुळून एक होते, ते जुळलेलेच नव्हते. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात. या धनुष्यांची ओढ शंभर पौंडांच्या वर जात असे. तिसऱ्या एडवर्डने १३६३ साली सुटीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला होता. ज्याच्या हाडांनीच एक वाट धरली, तो पन्नास नाणी मोजून कुठे जाणार?

त्याहून मोठा प्रश्न असा की, ती वाट निवडली कुणी होती? इ.स.पू. दुसऱ्या शतकातील रोमन सैन्याचे वर्णन पॉलिबियस करतो, त्यात सर्वांत तरुण आणि सर्वांत गरीब हे हलक्या शस्त्रांचे पायदळ. उरलेल्यांच्या रांगा वयाने ठरत. ठरावीक मालमत्तेच्या वर असलेल्यांच्या अंगावर कड्यांचे चिलखत, बाकीच्यांच्या छातीवर कांस्याचा वीतभर चौरस पत्रा. निवड खजिनदाराच्या वहीत आधीच झालेली असे.

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन येई तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. कोकणातला हेटकरी बंदुकीसाठी ओळखला गेला, मावळातला मावळा डोंगर चढण्यासाठी. जन्म कुठे झाला आणि दारात घोडा आहे की नाही, यावर वाट ठरे. दांडपट्टा तर त्याहून कठीण. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळतच नाही, आणि वार खांद्यातून व कमरेतून काढावा लागतो. ही विद्या वर्षानुवर्षांच्या तालमीची. एक नव्हे, दोन पट्टे मागणाऱ्या भाच्याला मी तालमीचा पत्ता सांगितला. तो अद्याप गेलेला नाही.

मात्र त्याला जे सांगताना मला जड गेले, ते सभासदाच्या बखरीत आहे. जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, पाणी वाहणारा, व एक नालबंद. खेळात पखालजीची वाट नाही. आमच्या घराण्यात कोण काय होते याचा एकही कागद शिल्लक नाही. घरातली माणसे सणासुदीला ‘आपण सरदारांकडचे’ म्हणतात. पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार, तर सरदार कितीत एक? हिशेब तुम्हीच करा. भाचा काही वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पण मामा, पाणी नसेल तर घोडे चालणारच नाहीत ना?” मी नाही म्हणालो.

राहिला माझा योद्धा. शनिवारी रात्री आम्ही वसतिगृहातले पाच मित्र खेळतो. दोघे पुण्यात, एक नागपुरात, एक फ्रँकफर्टला आणि मी. मला मनापासून आर्म्स आवडते, तलवारीच्या सौंदर्यासाठी. तरी माझे ३१ गुण प्रोटेक्शनमध्ये आहेत, कारण बाकी चौघांपैकी कुणालाच ढाल नको होती आणि ढालीवाचून गुहेचे दार ओलांडता येत नाही. ढालवाल्याला लढाई फारशी दिसत नाही. समोर राक्षसाचे गुडघे असतात, आणि रेज भरतो तो मुख्यतः मार खाऊन. नागपूरचा मित्र जखमा भरतो. त्याच्या पट्टीवर मात्र आम्हा पाचही जणांचा जीव दिसतो.

भाच्याने शेवटी फ्युरी घेतली. शिलेदार आणि बारगीर यांच्या वेतनाविषयी सविस्तर पुढच्या धाग्यात.