परतीची वेळ आधी लिहावी

आमच्या घरात प्रवासाची एक वही असते. कुंथलगिरीच्या दर्शनाला निघायचे असो की लग्नाच्या बस्त्यासाठी मुंबईला जायचे असो, आमचे वडील, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, आडतीच्या दुकानातील एक कोरी वही काढतात आणि तिच्यात गाड्यांच्या वेळा, मुक्काम, बरोबरचे डबे व खर्च मांडतात. यंदा मात्र त्या वहीतील मांडणी पाहून सारे घर चकित झाले. बहात्तर वर्षांचे अण्णा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, बारा हजार फुटांहून उंच घाटावर, एटीव्हीने जाण्याचा बेत लिहीत होते.

माझा धाकटा भाऊ डेन्व्हरला असतो. मे महिन्यात आम्ही बार्शीहून त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने सॅन हुआन पर्वतातील ‘आल्पाइन लूप’ या वाटेची छायाचित्रे दाखवली. लेक सिटी, सिल्व्हर्टन आणि युरे या तीन जुन्या खाणगावांना जोडणारी ही सुमारे १०५ किलोमीटरची कच्ची वाट आहे. तिच्यावर दोन घाट आहेत : सिनॅमन पास १२,६४० फुटांवर आणि एंजिनिअर पास १२,८०० फुटांवर. आपले कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तिथले सिल्व्हर्टन गावच, ९,३१८ फुटांवरचे, आपल्या सर्वोच्च शिखराच्या कितीतरी वर वसलेले आहे. मुले हरखली. मला मात्र अण्णांची दोन वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी आठवली. अण्णा एवढेच म्हणाले, “आधी मांडून तर पाहू.”

पहिले पान काळाचे होते. या घाटांवर हिवाळ्यात इतका बर्फ साचतो की यंत्रांनी तो हटवल्यावरच वाट खुली होते, आणि बहुतेक वर्षी उंच भाग जूनमध्ये मोकळा होतो. ऑक्टोबरात पुन्हा बर्फ येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पावसाळी ढग जमतात आणि दुपारी विजा कोसळतात. इकडे अण्णांचा चातुर्मासात गाव न सोडण्याचा नियम; आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी बार्शी गाठायची होती. दोन्ही बाजू जुळवल्यावर जूनचा शेवटचा आठवडा तेवढा उरला.

दुसरे पान गाडीचे. एटीव्ही म्हणजे रुंद, मऊ टायरांची, खडकाळ वाटेसाठी बनवलेली चारचाकी. तिच्या मूळ प्रकारावर मोटारसायकलसारखी मांड टाकून बसावे लागते आणि तोल अंगाने सांभाळावा लागतो. तो प्रकार ज्येष्ठांसाठी नव्हे. कुटुंबासाठी तिचेच थोरले भावंड, ‘साइड-बाय-साइड’, घ्यावे. तिला शेजारी शेजारी आसने, स्टिअरिंग, आसनपट्टे आणि उलटल्यास डोके वाचवणारा लोखंडी पिंजरा असतो. या गाड्या तिथे दिवसाच्या भाड्याने मिळतात. आम्ही चार आसनांच्या दोन गाड्या घेतल्या.

इथे तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. या वाटेवर चालकाकडे वाहन परवाना आणि गाडीचा विमा लागतो. म्हणून माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाची चालवण्याची हौस तिथेच संपली. अठरा वर्षांखालील मुलांना हेल्मेट व डोळ्यांचे संरक्षण सक्तीचे आहे. आम्ही ते सर्वांनाच घातले. आणि आपल्या प्रवासविम्यात अशा गाड्यांवरचा अपघात धरला आहे का, हे बारीक अक्षरांत वाचावे. काही विम्यांत तो वगळलेला असतो. गाव आणि परगणा यांचे नियमही वेगळे असतात. सिल्व्हर्टनच्या नागरिकांनी २०२१ मध्ये मतदान करून गावाच्या रस्त्यांवर या गाड्यांना बंदी घातली. म्हणून आमच्या गाड्या गावाबाहेरून सुरू होणार होत्या.

तिसरे पान शरीराचे, आणि तेच सर्वांत अधिक वेळा खोडले गेले. १२,८०० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो, आणि श्वासागणिक प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी तपासण्या पाहिल्या, नकार दिला नाही, पण अटी घातल्या : हळूहळू चढावे, मध्ये मुक्काम करावेत, बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र जवळ ठेवावे, आणि छाती भरून आली किंवा डोके जड झाले तर वाद न घालता खाली उतरावे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथे अण्णांचा महिना झालाच होता. त्यापुढे युरे या ७,७९२ फुटांवरील गावी दोन रात्री आणि मग सिल्व्हर्टनला दोन रात्री, असे टप्पे ठरले.

चौथे पान आईचे. स्वयंपाकघर असलेलेच घर भाड्याने घ्यायचे, हे तिने पहिल्या दिवशीच ठरवून टाकले. खाकरे, दशम्या, मेथीचे ठेपले, मुगाची डाळ आणि एक प्रेशर कुकर डेन्व्हरहून बरोबर निघाला. कुकरचे महत्त्व तिथे पोहोचल्यावर कळले. सिल्व्हर्टनच्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची चिंता मात्र नव्हती. जूनअखेर तिथे सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो.

शेवटच्या पानावर अण्णांनी स्वतःच्या हाताने एकच ओळ लिहिली : “सकाळी अकरा वाजता जेथे असू तेथून परत.”

या ओळीवरून बरीच चर्चा झाली. भावाचे म्हणणे, दुपारी बारापर्यंत घाटावरून उतरले की पुरे. अण्णांचे म्हणणे, बाराला उतरायचे तर अकराला वळले पाहिजे, आणि ते आज, इथे, खुर्चीत बसून ठरवले पाहिजे. वर गेल्यावर ठरवू म्हटले तर तिथे डोळ्यांसमोर शिखर असते, आणि शिखर समोर असताना माणसाचा हिशेब चुकतो. आम्ही भावंडे गप्प झालो. आमच्या लहानपणी एका वर्षी अण्णांनी तुरीचा साठा “अजून चार दिवस” म्हणत धरून ठेवला होता. भाव कोसळला, आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सोडवायला तीन वर्षे लागली. घरात त्याविषयी कुणी बोलत नाही. पण तेव्हापासून विकण्याचा भाव खरेदीच्याच दिवशी लिहून ठेवण्याची पद्धत दुकानात आहे.

युरेहून सिल्व्हर्टनला जाणारा चाळीस किलोमीटरचा रस्ता ‘मिलियन डॉलर हायवे’ म्हणून ओळखला जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. या रस्त्याचा मूळ मार्ग काढणारा माणूस व्यापारी होता, हे वाचून अण्णांना फार आनंद झाला. ऑटो मिअर्स हा १८४० साली रशियन साम्राज्यात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला मुलगा. तो अमेरिकेत आला, दुकान घातले, गहू पिकवला. पण माल खाणीच्या गावांपर्यंत पोहोचेना. तेव्हा त्याने स्वतःच डोंगरांतून टोलचे रस्ते काढले, आणि पुढे रेल्वेही. त्याआधी हा सारा मुलूख यूट लोकांचा होता. १८७३ च्या करारान्वये तो त्यांच्याकडून घेतला गेला, आणि त्यानंतरच खाणवाल्यांची रीघ लागली. आज आपण मौजेने ज्या वाटांवर गाड्या चालवतो, त्या खनिजाने लादलेल्या खेचरांसाठी आणि गाड्यांसाठी काढलेल्या वाटा आहेत.

ठरल्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. ॲनिमास नदीच्या काठाने वाट वर चढते. युरेका येथे जुन्या गिरणीचे काँक्रीटचे प्रचंड पाये डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे उभे आहेत. सव्वाआठला आम्ही ११,२०० फुटांवरच्या ॲनिमास फोर्क्स या ओसाड गावात पोहोचलो. १८८३ साली इथे सुमारे साडेचारशे लोक राहत होते आणि गावाचे स्वतःचे वर्तमानपत्र होते. १८८४ मध्ये तेवीस दिवस हिमवादळ चालले. घराघरांमध्ये ये-जा करण्यासाठी लोकांनी बर्फातून बोगदे खणले. खाणी आटल्या आणि १९२० च्या दशकापर्यंत गाव रिकामे झाले. आज काही लाकडी घरे डागडुजी करून जपली आहेत. एका घराला पुढे आलेली सुंदर खिडकी आहे. आई तिच्यात बराच वेळ उभी होती. “इथून ती बाई कुणाची वाट पाहत असेल?” एवढेच ती म्हणाली.

अण्णांना तासभर बसवले. यंत्राचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर होता. चेहरा प्रसन्न होता. साडेनऊला पुढे निघालो. झाडे मागेच संपली होती. आता दोन्ही बाजूंना गवताचे आणि जमिनीला चिकटून वाढणाऱ्या चिमुकल्या फुलांचे गालिचे होते. त्यांच्यावरून एकदा चाक गेले तर ती जखम भरायला कित्येक दशके लागतात. याच पर्वतांतील मोजक्या शिखरांवर ‘अनकंपाग्रे फ्रिटिलरी’ नावाचे फुलपाखरू राहते. १९७८ साली ते शोधले गेले आणि १९९१ मध्ये धोक्यातील प्राण्यांच्या यादीत गेले. त्याची अळी बर्फाच्या कडेला वाढणाऱ्या खुज्या विलोच्या पानांवर जगते. वाट सोडून गाडी घालू नये हा तिथला नियम आहे. आपल्या घरांत तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

साडेदहाला वाट अरुंद झाली. अशा कड्यावर चढणाऱ्या गाडीला प्रथम जाऊ द्यावे असा शिरस्ता आहे. पण समोरून एकामागून एक आठ-दहा गाड्या उतरत होत्या आणि मागे सरकायला त्यांना जागा नव्हती. आम्हीच एका रुंद वळणावर बाजूला थांबलो. वाट मोकळी झाली तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती. घाटमाथा समोर दिसत होता, जेमतेम किलोमीटरभर. आकाश बहुतेक निळेच होते. पश्चिमेला मात्र फुलकोबीसारखे पांढरे ढग वर चढत होते.

मुले विनवू लागली. भाऊ म्हणाला, “अण्णा, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. पुन्हा आपण इथे केव्हा येणार?” त्याचे म्हणणे खरे होते. अण्णा पुन्हा कधीच येणार नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. मलाही वाटले, जाऊ द्यावे.

अण्णांनी घाटमाथ्याकडे एकदा नीट पाहून घेतले. मग मला म्हणाले, “वही काढ. शेवटचे पान वाच.” मी वाचले. कुणी काही बोलले नाही. त्याच वळणावर गाड्या फिरवल्या आणि खालच्या गियरमध्ये, ब्रेकवर फारसा भार न टाकता, आम्ही उतरू लागलो. नातू तासभर आजोबांशी बोलला नाही.

युरेकाच्या पायऱ्यांपाशी, झाडांच्या पातळीवर पोहोचलो तेव्हा पहिली गडगडाट ऐकू आली. मागे वळून पाहिले तर घाटाकडचे आकाश काळे झाले होते, आणि थोड्याच वेळात गारांचा मारा आमच्यापर्यंतही आला.

आता वाचकांना वाटेल की वर गेलेल्यांवर संकट कोसळले असेल. तसे काही झाले नाही. वाटेत आमच्या पुढे निघून गेलेले एक कुटुंब संध्याकाळी सिल्व्हर्टनला भेटले. ते भिजले होते, घाबरले होते, पण सुखरूप होते, आणि माथ्यावरची छायाचित्रे हौसेने दाखवत होते. माझ्या मुलाने ती पाहिली आणि अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, “त्यांना मिळाले, चांगले झाले. पण त्यांच्या गाडीत माझ्यासारखे हृदय नव्हते. आपण आपल्या भांडवलावर व्यापार करायचा.”

रात्री झोपण्यापूर्वी मी वही पाहिली. खर्चाच्या पानावर भाडे, पेट्रोल आणि अनामत परत मिळाल्याची नोंद होती. शेवटच्या पानावर, परतीच्या ओळीखाली, अण्णांनी तारीख घालून दोन शब्द लिहिले होते : “अकराला वळलो.” त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत मुलाने लिहिले होते : “पुढच्या वेळी साडेपाचला निघू.”

आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या चार दिवस आधी आम्ही बार्शीला पोहोचलो. अण्णांनी वही कपाटात ठेवली नाही, नातवाकडे दिली. ज्यांना अशा प्रवासाला जायचे असेल त्यांनी ऋतू, परवाना, विमा, औषधे आणि डबे यांची पाने जरूर भरावीत. पण पहिल्या पानाआधी शेवटचे पान लिहावे, आणि ते घरातील सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.