चहाच्या डोंगरातले घर

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही पाचजण उत्तर सिक्कीममधील एका शाळेत श्रमदानासाठी जाणार होतो. आमच्यात दोन शिक्षक, एक परिचारिका, एक सुतार आणि एक महापालिकेचे सफाई कामगार. बाक दुरुस्त करायचे, मुलांची तपासणी करायची, असे ठरले होते. परंतु ४ ऑक्टोबरच्या पहाटे दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्ता नदीला महापूर आला. चुंगथांगचे धरण वाहून गेले, पूल आणि रस्ते तुटले. "आता येऊ नका, इथे आहे ते धान्य गावालाच पुरवायचे आहे," असा तिकडून निरोप आला. जमविलेली वर्गणी आम्ही पाठवून दिली. रजा मंजूर होती, रेल्वेची तिकिटे हातात होती. तेव्हा दार्जिलिंगचा डोंगर पाहायचे ठरले.

सिलिगुडीहून शेअर जीपने आम्ही कर्सिआंगला निघालो. छोट्या रेल्वेचे रूळ रस्त्याच्या कडेकडेने, कधी दुकानांच्या अगदी उंबऱ्याशी येतात. आपल्या माथेरानसारखेच दोन फुटी रूळ; पण माथेरानची गाडी १९०७ ची, ही १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोहोचली. पुढे घूमचे स्टेशन ७,४०७ फुटांवर आहे. तिथल्या जुन्या विहारात मैत्रेय बुद्धाची भव्य मूर्ती पाहून मन शांत झाले. दार्जिलिंगला सकाळी ढग बाजूला झाले आणि कांचनगंगा दिसली. १९५३ मध्ये एव्हरेस्ट चढलेले तेनझिंग याच गावात राहून हमाली करीत पुढे आले, हे ऐकून आमचे सुतार मित्र बराच वेळ त्या शिखराकडे पाहत राहिले.

पण मनात राहिली ती कर्सिआंगजवळची मळ्यातील वस्ती. उतारावर बाया पाठीला टोपली लावून चहा खुडत होत्या. टोपलीचा पट्टा कपाळावर, सारा भार मानेवर. दोन पाने आणि एक कळी, एवढेच खुडायचे. त्या वर्षी जूनमध्ये मजुरी २३२ वरून २५० रुपये झाली होती, दिवसभराची.

सुट्टी झाल्यावर एका दीदींनी आम्हांला घरी नेले, मीठ घातलेला काळा चहा दिला. घर दोन खोल्यांचे, पुढे सुंदर फुलझाडे. आमच्या परिचारिका बाईंनी विचारले, "घर तुमचंच ना?" दीदी म्हणाल्या, "घर हमने सजाया, जमीन बगान की है." घरातले कोणीतरी मळ्यात कामाला हवे, तर घर. त्यांची मुलगी बंगळुरूला नर्सिंग शिकत होती. ती परत येऊन टोपली उचलणार नाही, आणि दीदींनाही ते नको होते. मग म्हातारपणी राहायचे कुठे?

हा प्रश्न तिथे जुना आहे. कामगाराला मळ्याबाहेर काढण्याच्या प्रथेला तिकडे 'हत्ताबाहर' म्हणत. मजुरी, बोनस आणि ही प्रथा बंद व्हावी, यासाठी मोर्चा निघाला. २५ जून १९५५ रोजी मार्गारेट्स होप मळ्यात त्या मोर्चावर गोळीबार झाला, कामगार ठार झाले. राज्य सरकारने २०२३ मध्ये पाच डेसिमलपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन गुंठे जागेचे पट्टे देण्याचे जाहीर केले. पण पिढ्यान्‌पिढ्या राखलेली सगळी जागा नावावर हवी, असे डोंगरातील अनेकांचे म्हणणे होते.

परतीच्या वाटेवर आमचे सफाई कामगार मित्र गप्प होते. शेवटी म्हणाले, "आमच्या वसाहतीत दुसरं काय आहे? खोली जाऊ नये म्हणून शिकलेला पोरगा बापाचा झाडू हाती घेतो."

हजारो मैलांवरच्या त्या दीदी आम्हांला परक्या वाटल्या नाहीत, त्याचे कारण हेच. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे अशीच नोकरीला बांधलेली आहेत. मुलांना शिकवायचेच, पण शिकलेल्या मुलाला घरासाठी मागे फिरावे लागू नये, म्हणून घराचा कागदही आपल्या नावावर व्हायला हवा. ही मागणी कर्सिआंगची आहे, तशीच आपल्या वसाहतीचीही आहे.